हुल्डा फ्रीझन, खातरजमा अधिकारी

आमच्या बीकर स्प्रिंग्ज गावात टोर्नेडोचा भोंगा वाजला की नागरिकांनी ताबडतोब तळघरात जावं, असा नियम आहे. नियम स्पष्ट आहे, छापील आहे आणि गावातल्या प्रत्येक फ्रिजवर चुंबकानं चिकटवलेला आहे. त्यामुळे भोंगा वाजला की नागरिक फ्रिजपाशी जातात, नियम वाचतात, थंड काहीतरी हातात घेतात आणि घराबाहेर ओसरीवर येऊन उभे राहतात.

उभे राहतात ते नैऋत्येकडे तोंड करून. कॅन्ससमध्ये वादळ बहुतेक वेळा त्याच बाजूनं येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एखादा माणूस कपडे धुवायच्या निमित्तानं आधीपासून तळघरात असला, तर भोंगा ऐकून तोही धावत वर येतो. आपल्याशिवाय वादळ येऊन गेलं तर उद्या कॅफेत तोंड कसं दाखवायचं?

मी या गावाच्या आपत्कालीन सज्जता समितीचा सचिव, वेंडेल फ्रीझन. पद मानाचं आहे. मान कोण देतं ते विचारू नका.

यंत्रणेत तशी काहीच खोट नाही. जिल्ह्याच्या हवामान कार्यालयात माणसं अहोरात्र रडारसमोर बसलेली असतात. हवा बिघडण्याची लक्षणं दिसली की ते आधी 'सावधगिरी' जाहीर करतात, म्हणजे पाहुणे येण्याचा संभव आहे. मग 'इशारा' देतात, म्हणजे पाहुण्यांनी फाटकात गाडी लावली आहे. इशारा देताना नकाशावर वादळाच्या वाटेतल्या गावांभोवती लाल चौकट आखतात, आणि ती बातमी त्याच क्षणी रेडिओवर, टीव्हीवर आणि चौकटीतल्या प्रत्येकाच्या फोनवर जाऊन आदळते. भोंगा तेवढा गावाचा स्वतःचा. त्याचं बटण अग्निशमन केंद्रात, आणि बटणावर बोट माझं. जे लोक उघड्यावर आहेत, शेतात आहेत, मैदानावर आहेत, त्यांनी आत जावं म्हणून हा भोंगा असतो. आमच्याकडे तो आत असलेल्यांना बाहेर काढायच्या कामी येतो.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण गावात सगळ्यात आधी ओसरीवर येणारी व्यक्ती माझी सख्खी आई आहे.

आईचं घर गावाच्या नैऋत्य टोकाला, जराशा उंचवट्यावर. भोंगा वाजला की ती घडीची खुर्ची उघडते, मांडीवर फोन ठेवते आणि बर्फ घातलेल्या चहाचा पेला घेऊन बसते. मागच्या वसंतात वाऱ्यानं शेजारच्या गॅरेजचं छप्पर उचलून तिच्या डोक्यावरून नेलं. तिनं पेल्यावर हात धरला, म्हणजे चहात धूळ पडू नये. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. आयुष्यात एकदा, एकदाच, भोंगा वाजल्यावर आई तळघरात जावी, एवढीच माझी इच्छा होती.

"आई, अगं तळघर कशासाठी बांधलंय?"

"पाकातल्या पीचच्या बरण्या ठेवायला."

"आणि भोंगा कशासाठी वाजतो?"

"वादळ आलं म्हणून."

"मग आत का जात नाहीस?"

"अरे, पण आलंय की नाही ते बघायला नको? न बघता आत जाऊन बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील, फ्रीझनांची हुल्डा भित्री आहे!"

"पण तुला दिसतं कुठे, आई?"

हा मुद्दा नाजूक आहे. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. फाटकाजवळच्या टपालपेटीपर्यंतचं तिला दिसतं. त्यापलीकडे जगात काय चाललंय याची तिला कल्पना नाही, आणि ते ती मान्य करत नाही.

"मला सगळं दिसतं," ती म्हणाली. "तू बारीक झालायस."

मी बारीक झालेलो नाही.

असो. तर समितीनं या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचं ठरवलं. भोंगा ऐकल्यावर तुम्ही आत का जात नाही, असं घरोघरी जाऊन विचारलं. उत्तर एकमुखी आलं: आधी खात्री करतो. खात्री कशी करता? कोणी म्हणालं टीव्ही लावतो, कोणी म्हणालं बहिणीला फोन करतो. बहीण काय करते? ती जावेला फोन करते. जाऊ? ती चर्चमधल्या कोणाला तरी करते. मी नेटानं या धाग्याचा माग काढत गेलो. सगळे धागे एकाच ठिकाणी येऊन थांबले.

"मग आम्ही हुल्डाकाकूंना फोन करतो," लोक म्हणाले. "त्यांचं घर उंचावर आहे ना. त्यांना सगळं दिसतं."

मी घरी जाऊन आईला विचारलं, लोक फोन करतात तेव्हा तू काय सांगतेस?

"खरं तेच सांगते," ती म्हणाली. "अजून तरी काही दिसत नाही."

मी समितीची तातडीची बैठक बोलावली. नगराध्यक्ष मर्ल ओडेल अध्यक्षस्थानी होते. त्यांचं ट्रॅक्टरचं दुकान आहे, त्यामुळे प्रत्येक यंत्रणा त्यांना जुनी देऊन नवी घेण्यासारखी वाटते. मी उभा राहून सांगितलं, की अख्खं गाव वादळाची खात्री माझ्या आईकडून करून घेतं, आणि माझ्या आईला टपालपेटीच्या पलीकडचं दिसत नाही.

 मग मर्लनी घसा साफ केला.

"वेंडेल, एक सांग. आजवर काकूंनी कधी चुकीचा इशारा दिलाय?"

"तिनं इशाराच कधी दिलेला नाही!"

"म्हणजे खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण शून्य." मर्लनी सभेकडे पाहिलं. "हवामान कार्यालयाचं किती आहे?"

हवामान कार्यालयाचं बरंच आहे. रडारवर ढग स्वतःभोवती गरगरताना दिसला की ते बिचारे इशारा देतात, आणि दर वेळी तो ढग जमिनीवर पाय टेकतोच असं नाही. गेल्या वसंतात मी भोंगा वाजवला आणि टोर्नेडो गावाबाहेरच्या रिकाम्या गव्हाच्या शेतातून निघून गेला, तर तक्रारींचा पाऊस पडला. लोक घाबरल्याची तक्रार करत नव्हते. बाहेर येऊन उभे राहिलो आणि बघायला काहीच मिळालं नाही, अशी तक्रार होती. टीव्हीवर तर हवामान सांगणाऱ्या टकर ब्लॉमनं केकच्या स्पर्धेची अंतिम फेरी मध्येच तोडून इशारा दिला होता. टकर शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारतो तेव्हा प्रकरण गंभीर आहे असं अख्खा जिल्हा समजतो. त्या दिवशी त्यानं खांद्यापर्यंत सारल्या होत्या. तरी लोकांनी फोन करून त्याला शिव्या घातल्या. एक बाई म्हणाल्या, घर गेलं तर विम्यातून परत बांधू, पण केकची स्पर्धा कोण जिंकलं ते आता कोण सांगणार?

अशा परिस्थितीत गावाला भरवशाचा माणूस हवा होता, आणि तो बसल्या जागी होता. समितीनं एकमतानं, म्हणजे माझं मत सोडून, माझ्या आईला गावाची खातरजमा अधिकारी नेमलं. तिला चमचमतं पिवळं जाकीट, शिरस्त्राण आणि दुसरा फोन देण्यात आला. शिरस्त्राण तिनं बीट लावायला घेतलं, कारण उलटं ठेवलं की त्याच्या तळाला पाणी निथळायला छान भोकं होती.

मी घरी येऊन डोक्याला हात लावून बसलो. लोरेटा, माझी बायको, ऑरेगनची. तिथे टोर्नेडो क्वचितच येतात, त्यामुळे तिला अजून अक्कल आहे. ती म्हणाली, "तुझ्या गावात भोंगा वाजला की मी सरळ तळघरात जाते. मला वेडी म्हणू देत."

"म्हणतातच," मी म्हणालो.

इथून पुढे सगळं तर्काला धरून झालं, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटली. अधिकारी नेमल्यावर अधिकाऱ्याच्या खात्रीशिवाय भोंगा वाजवणं हा अधिकाऱ्याचा अपमान ठरला असता. म्हणून समितीनं ठरवलं, की यापुढे खातरजमा अधिकाऱ्यांनी वादळ पाहिल्याखेरीज सचिवांनी बटण दाबू नये. पुन्हा मोह नको म्हणून बटणावर काचेची पेटी बसवली आणि तिची किल्ली मर्लनी आपल्याकडे ठेवली.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण आई ओसरीवर कधी येणार?"

"भोंगा वाजल्यावर. नेहमीसारखी."

"आणि भोंगा कधी वाजणार?"

"त्यांनी पाहिल्यावर." मर्ल थोडा वेळ स्वतःच्या वाक्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे भोंगा कधीच वाजणार नाही! वेंडेल, अरे, खोट्या इशाऱ्यांचा प्रश्नच मिटला की!"

त्या वर्षी राज्यातल्या सगळ्यात कमी तक्रारी असलेलं गाव म्हणून आमचा सत्कार झाला. आजूबाजूच्या गावांची शिष्टमंडळं आईची खुर्ची बघायला आली. दर सोमवारी दुपारी भोंग्याची चाचणी व्हायची, तीही बंद पडली, कारण चाचणीच्या वेळी आईला काही दिसलं नाही.

हळूहळू आईचा लौकिक वर चढत गेला. आमचं गाव रडारपासून लांब. पृथ्वी गोल पडली, त्यामुळे रडारचा किरण आमच्यापर्यंत येईतो ढगाच्या कमरेला लागतो, खालचे पाय त्याला दिसत नाहीत. म्हणून हवामान कार्यालय रस्त्यावर गाडी लावून आकाश बघणाऱ्या स्वयंसेवकांना विचारतं. आमचे स्वयंसेवक आईला विचारू लागले. टकर ब्लॉमनं पडद्यावर "नैऋत्येकडील आमच्या अत्यंत विश्वासू सूत्रांकडून" असं म्हणायला सुरुवात केली. आई टीव्ही लावून बसायची, आणि आता तर तिला स्वतःच्याच शब्दांचा आधार मिळू लागला.

"बघ, टकरही म्हणतोय, अजून काही दिसत नाही."

"आई, ते तूच सांगितलंयस त्याला!"

"मग चूक कसं असेल?"

आणि मग मे महिन्यातली ती दुपार आली. आकाश हिरवं पडलं. आमच्याकडे आकाश हिरवं पडलं की गाई शेपट्या टाकून उभ्या राहतात आणि पुरुष गाडी धुवायला काढतात. सावधगिरी सकाळपासूनच होती. मी लोरेटाला घेऊन आईकडेच जाऊन बसलो होतो. माझ्या खिशातला फोन किंचाळला. इशारा. लाल चौकटीच्या बरोबर मध्ये बीकर स्प्रिंग्ज, आणि बीकर स्प्रिंग्जच्या टोकाला आमची ओसरी. लोरेटा सरळ तळघरात गेली, आणि आई, भोंग्याची वाट न बघता, ओसरीवरच्या आपल्या खुर्चीत.

मी मर्लना फोन लावला. "किल्ली घेऊन केंद्रावर जा! भोंगा वाजवा!"

"काकू काय म्हणतात?"

"मर्ल, मला इथून दिसतोय तो! धान्याच्या कोठाराच्या मागे आहे. जमिनीला टेकलाय!"

"तू अधिकारी नाहीस, वेंडेल. तू नातेवाईक आहेस. तुझं मत भावनेच्या भरात आहे." मग आवाज हळू करून ते म्हणाले, "थांब, मी काकूंना फोन करतो."

माझ्या शेजारी आईच्या मांडीवरचा फोन वाजला.

"हो मर्ल... नाही रे. थोडी धूळ आहे. अजून तरी काही दिसत नाही."

कोठारामागून तो आला. काळा, रुंद, काहीतरी दळत असल्यासारखा आवाज करत. भोंगा वाजला नव्हता, तरी फोन ऐकून रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या ओसऱ्या भरल्या होत्या. अख्खं गाव हाताची घडी घालून उभं होतं, आणि कोणी वादळाकडे बघत नव्हतं. सगळे माझ्या आईकडे बघत होते. आई बसली आहे ना? बसली आहे. मग ठीक आहे. आईचे दोन्ही फोन एकदम वाजायला लागले. एक कानाला, दुसरा मांडीवर.

"आई, चल. पाया पडतो तुझ्या."

"लोक फोन करतायत. उचलायला कोण?"

"आई, तो आला!"

"कोण? टपालवाला?"

मी तिचा दंड धरून ओढला. तिनं खुर्चीचा हात धरला. शेतात घालवलेलं आयुष्य आहे तिचं; मी ओढला गेलो. कोठाराचं छप्पर उडालं. मला रडू फुटलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला समिती, गाव, भोंगा काही म्हणजे काही आठवलं नाही. माझी आई वाऱ्यावर जाणार आणि जाताना कोणाला तरी "काही दिसत नाही" सांगत जाणार, एवढंच डोळ्यांपुढे आलं. आणि कुठून सुचलं देव जाणे, मी ओरडलो:

"आई! लोरेटा खाली तुझ्या पीचच्या बरण्या उघडतेय!"

आईनं फोन कानापासून खाली घेतला.

"कोणत्या?"

"मागच्या ओळीतल्या. जत्रेतल्या स्पर्धेसाठी ठेवलेल्या."

"त्या?"

"दुसरी उघडली. चमच्यानं खातेय. चमचा परत आत घालतेय."

माझी आई त्या खुर्चीतून उठली. गुडघेदुखी, संधिवात, डॉक्टरांनी जपायला सांगितलेली कंबर, सगळं खुर्चीतच राहिलं. तळघराचं दार तिनं एका हातानं उघडलं, ज्यासाठी मला दोन लागतात. मी तिच्या मागे उडी टाकली. वर, रस्त्यापलीकडे, पहिल्यांदाच गावानं रिकामी खुर्ची पाहिली.

लोकांनी नंतर मला सांगितलं. क्षणभर कोणी हललं नाही. मग कोणीतरी किंचाळलं, "हुल्डाकाकू आत गेल्या!" आणि जे काम रडारला, टकरच्या बाह्यांना, फोनच्या किंकाळ्यांना जमलं नव्हतं, ते झालं. गाव तळघरात घुसलं. दारं आपटली. मर्ल हातातलं बर्गर उलटायचं उलथनं घेऊनच खाली गेले, आणि कुत्रा त्यांच्या आधी.

खाली आमच्या तळघरात लोरेटा एका पेटीवर शांत बसली होती. बरण्या जशाच्या तशा. आईनं त्या मोजल्या, मग पुन्हा मोजल्या, मग माझ्याकडे वळली.

"खोटं बोललास! आईशी!"

"हो," मी म्हणालो, आणि तिला मिठी मारली. वरून आमची ओसरी निघून गेल्याचा आवाज आला. आईनं मला एक चापट मारली आणि मग माझा हात सोडला नाही.

टोर्नेडोनं ओसरी नेली, खुर्ची नेली, निम्म्या गावाची छपरं नेली. भोंग्याचा खांब उचलून शेजारच्या जिल्ह्यातल्या बेसबॉलच्या मैदानात सरळ उभा करून ठेवला. तिथल्या लोकांनी पुढच्याच सोमवारी त्याची चाचणी घेतली. गावात एकाही माणसाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

अर्थात, चौकशी झाली. मर्लनी निष्कर्ष वाचून दाखवले. खातरजमा अधिकाऱ्यांनी कोणतीही खातरजमा न करता, वैयक्तिक कारणासाठी, कामाची जागा सोडली. परिणामी गाव घाबरून तळघरात गेलं आणि रीतसर परवानगीशिवाय वाचलं. असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून आईला नवी, जमिनीला पक्की बोल्ट केलेली खुर्ची देण्यात आली, आणि वादळाखेरीज इतर कोणत्याही कारणासाठी ती सोडू नये असं बजावण्यात आलं. पहिल्याच दिवशी आई दुपारी न्हाणीघरात गेली. गाव संध्याकाळपर्यंत तळघरातून वर आलं नाही. शाळा बुडाली. एका लग्नातला नवरा वर राहिला आणि नवरी खाली.

मग आईनंच राजीनामा दिला. आता आकाशात साधा काळा ढग दिसला तरी ती आधी तळघरात जाऊन बसते, कारण सुनेवरचा तिचा विश्वास कायमचा उडालाय. लोरेटा निर्दोष आहे हे मी तिला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. माझी आई तळघरात आहे. बाकी समितीचं काय व्हायचं ते होवो.

रिकाम्या पदासाठी जाहिरात द्यायची होती. पात्रता साधी आहे: उमेदवारानं इशारा ऐकल्यावर जागेवरून हलू नये, इतरांकडे बघत बसावं आणि कोणी विचारलं तर अजून तरी काही दिसत नाही असं सांगावं. मसुदा मीच लिहिला आणि मीच फाडून टाकला. एवढे अर्ज कोण वाचणार? त्यातला एक तुमचाही असता. हसू नका. मागच्या वेळी सरकारनं पाठवलेला तो इशारा तुमच्या हातातल्या फोनमधून किंचाळला, तेव्हा तुम्ही तो वाचला नाहीत. मान वर करून शेजारच्याच्या तोंडाकडे बघितलंत. तो तुमच्याच तोंडाकडे बघत होता. तुम्ही दोघंही जागचे हलला नाहीत, आणि त्यावरून दोघांचीही खात्री पटली.